छायाचित्रकाराचे काळे कापड

तिपाईवरच्या जुन्या कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात डोके खुपसून उभा राहिलेला छायाचित्रकार व्यंगचित्रांतून इतका ओळखीचा झाला आहे की, त्या कापडाचे घराणे छायाचित्रणाहूनही जुने असेल अशी शंकाच सहसा कोणास येत नाही. वस्तुतः ते कापड म्हणजे आक्रसत गेलेल्या एका खोलीचा अवशेष होय. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने अंधाऱ्या खोलीत छिद्रावाटे येणाऱ्या प्रकाशाची परीक्षा केली, तेव्हा पाहणारा खोलीच्या आतच असे. परंतु खोली काही माळावर नेता येत नाही.

ती केप्लरने नेली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर हेन्री वॉटन १६२० साली लिंझ येथे त्याच्याकडे गेला असता, तेथील एक निसर्गचित्र पाहून चकित झाला, आणि ते कसे काढले याची सविस्तर हकीकत त्याने फ्रान्सिस बेकनला लिहून कळवली: एकच माणूस मावेल असा, हव्या त्या दिशेस फिरवता येणारा काळा तंबू, त्यास सुमारे दीड इंच व्यासाचे छिद्र व भिंगांची नळी, आणि आत कागदावर पडलेले दृश्य गिरवीत बसलेला खुद्द ज्योतिर्विद. पुढे १६९४ मध्ये रॉबर्ट हुकने प्रवाशांसाठी डोक्याखांद्यांवर चढवावयाची पेटीच सुचविली. कापडाचा जवळचा पूर्वज मी हिलाच मानतो.

पेटी लहान होऊन तिच्या पाठीस घासलेली काच आली, तेव्हा पाहणारा बाहेर पडला. पण काचेवरचे ते उलटे चित्र इतके मंद की, उघड्या उजेडात ते दिसेना, म्हणून डोक्यापुरता अंधार त्यास पुन्हा पांघरावा लागला. व्यंगचित्रकारांची गफलत मात्र येथेच होते. कापडाखाली केवळ चौकट व स्पष्टता साधावयाची. मग भिंग झाकून, काचेच्या जागी प्लेट बसवून, छायाचित्रकार कॅमेऱ्याशेजारी येतो आणि समोरच्या इसमाकडे उघड्या डोळ्यांनी पाहत झाकण काढतो. फोटो निघतो तेव्हा कापडाखाली कोणी नसतेच!

१८५१ नंतर ओल्या प्लेटींचा जमाना आला; प्लेट वाळण्यापूर्वी सारे उरकणे भाग असल्याने, बाहेरगावी जाणाऱ्याच्या सरंजामात कापडाबरोबर काळोखा तंबूही आला. मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, ती याच काळात. आपल्या उन्हात काळ्या कापडाखाली जीव किती कासावीस होत असेल, हे सांगावयास नको. उष्णता परतवण्यासाठी वरून पांढरे आणि आतून काळे असे दुहेरी कापड निघाले, आणि मोठ्या प्लेटीचे कॅमेरे वापरणारे लोक उन्हात आजही तेच पसंत करतात.