सावकाश इंग्रजीतल्या बातम्या

'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने १९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'स्पेशल इंग्लिश' नावाचे प्रसारण सुरू केले. सुमारे १५०० शब्दांचा साठा, आखूड वाक्ये आणि नेहमीच्या निवेदनाच्या दोन तृतीयांश वेग, हा त्याचा साचा. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, त्यांच्यासाठी ते होते. बीबीसीचे रेडिओवरचे इंग्रजी पाठ १९४३ पासूनच चालू होते. इथे मात्र धडा नव्हता, त्या दिवसाची खरी बातमी होती.

ते श्रोते शॉर्टवेव्हवर ऐकत. तिथे आवाज खरखरतो, मध्येच बुडतो, पुन्हा वर येतो. वाचताना अडलेल्या शब्दापाशी थांबता येते, रेडिओ कोणासाठी थांबत नाही. एक शब्द निसटला, की त्याचा विचार करेपर्यंत पुढची दोन वाक्ये निघून जातात आणि 'हे आपल्या आवाक्यातले नाही' असे श्रोता ठरवून मोकळा होतो.

म्हणून खरी मेहनत लेखनात होती. 'पूरग्रस्त भागाची पाहणी करून परतलेल्या मंत्र्यांनी मदत जाहीर केली' अशा धर्तीच्या वाक्याचे तुकडे पडत: पूर आला. मंत्री तिथे गेले. परतल्यावर त्यांनी मदत जाहीर केली. एका वाक्यात एकच गोष्ट. वाक्प्रचार शक्यतो टाळायचे. यादीबाहेरचा शब्द घ्यावाच लागला, तर त्याचा अर्थ तिथल्या तिथे सांगायचा. निवेदक शब्द ताणत नसे, शब्दसमूहांमध्ये किंचित थांबे. ऐकणाऱ्याला मागचे जुळवायला तेवढी उसंत पुरे.

भाषाशिक्षणातल्या जाणकारांना हा प्रकार पटला नव्हता, काही अमेरिकी दूतावासांनी तर तो बंद करण्याची मागणी केली. श्रोत्यांची पत्रे मात्र येतच राहिली. बातम्यांच्या जोडीला विज्ञान, अमेरिकेचा इतिहास आणि लघुकथा आल्या.  पुढे चीनमध्ये या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेट आणि पुस्तके इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हाती सर्रास दिसू लागली.

उणीवही ठळक होती. सावकाश बातमी सहज समजणारा माणूस नेहमीच्या वेगाच्या गप्पांत गोंधळतो, कारण बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात आणि ती मिसळण या प्रसारणात जवळपास नव्हतीच. नंतर उपक्रमाचे नाव 'लर्निंग इंग्लिश' झाले. पुढे त्यातले साहित्य प्राथमिक, मध्यम आणि प्रगत अशा पायऱ्यांवर विभागले गेले, आणि ध्वनिमुद्रणासोबत मजकूरही मिळत असे.