बाळगोळी आणि गिरणीचा भोंगा

वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळून तान्ह्याला चाटवतात ती बाळगुटी. मुंबईच्या गिरणगावातली बाळगोळी वेगळी. तिच्यातला कामाचा माल अफूचा.

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयासाठी डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली. १९२२ साली ‘लेबर गॅझेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात या बायकांच्या ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे नोंदले आहे. आकडा थोडा खाली आणला तरी चित्र बदलत नाही. अपवाद मोजायचा तो गोळी न घेणाऱ्या मुलाचा.

अफूतले मुख्य द्रव्य मॉर्फिन. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या तळाचे श्वसनकेंद्र श्वास वाढवते. मॉर्फिन या केंद्रालाच गुंगवते. तान्ह्याचे यकृत आणि मूत्रपिंडे पुरती तयार नसतात, त्यामुळे औषध अंगात रेंगाळते. मात्रा जराशी जास्त झाली की मूल झोपेतच जाई. पण माझ्या मते मोठी हानी याहून संथपणे होत होती. मूल भुकेने रडते आणि रडले म्हणून त्याला पाजले जाते. गुंगीतले मूल रडत नाही, मागत नाही. आतडी मंदावतात, पोट साफ होत नाही, मूल सुकत जाते. मग एखाद्या दिवशी गोळी चुकली की उलट प्रकार सुरू होतो. चिडचिड, किंचाळणे, जुलाब. पुन्हा गोळी दिली की थोड्या वेळात सारे शांत. आईला दिसे ते एवढेच, की गोळी थांबवली तर मूल आजारी पडते आणि दिली तर बरे होते. समोरच्या पुराव्यावरून दुसरे कोणी वेगळा निष्कर्ष काढला असता का?

तरी त्या काळातल्या लिखाणात या बायकांच्या अडाणीपणाचा सूर वारंवार लागतो. तो लावणाऱ्यांना आपल्या घरचा इतिहास आठवायला हवा होता. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर, नॉटिंगहॅमच्या मजूरवस्त्यांत मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ पाजत, त्यातही अफूच होती. आणि इथे अफू विकत होते कोण? १८७८च्या अफू कायद्याखाली सरकारी परवान्याची दुकाने चालत, महसूल सरकारच्या तिजोरीत जाई. अफूविषयीच्या रॉयल कमिशनला १८९५ साली बंदीची गरज वाटली नाही.

आता दुसरी बाजू पाहू. १९२२च्या सुधारित कारखाना कायद्याने दिवसाचे काम ११ तासांवर आणले. मधली सुट्टी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर आई बारा-तेरा तास बाहेर. चाळीच्या एका खोलीत मूल कोणा म्हातारीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे, आणि ती बहीणही बहुधा सात-आठ वर्षांची. मूल झोपलेले असणे ही या व्यवस्थेची अटच होती.

१९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला. कौन्सिलात त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले होते. मुंबईत दिवसाला ८ आणे, बाळंतपणाआधी ३ आठवडे आणि नंतर ४. त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट, यात शंका नाही. पण महिन्याचे मूल घरी ठेवून आई पुन्हा खात्यात उभी राहणार आणि गोळीची गरज नेमकी तिथून लागणार.

या गोष्टीवर खरा उपाय पाळणाघराचा. १९३४च्या कायद्याने ५०हून जास्त बायका असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, आणि १९४८च्या कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले. मात्र याच काळात मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. विशीच्या दशकात कामगारांत त्यांचा वाटा पाचवा हिस्सा होता. पुढे रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाचा खर्च, वाइंडिंग-रीलिंग खात्यांतली नवी यंत्रे, अशी एकेक सबब मालकांना मिळत गेली. १९७६ साली पाळणाघराची मर्यादा ३० बायकांवर आली, तेव्हा गिरण्यांत बायका फारच थोड्या उरल्या होत्या.