हजेरीपटापासून मुक्त स्रोत आज्ञावलीपर्यंत : श्रम आणि वेळेच्या नोंदीचा इतिहास
(विशेष संदर्भ : जाफराबाद, जि. जालना)

प्रस्तावना

गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरविण्याची प्रथा मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वर्षभराच्या कामाचा मोबदला त्या दिवशी तोंडी ठरतो आणि पुढील पाडव्याला हिशेब करताना गड्याचे 'खाडे' मोजले जातात. खाड्यांची नोंद बहुधा मालकाकडे असते. गड्यापाशी केवळ आठवण असते. या दोहोंत अंतर पडले की नोंद ज्याच्या हाती, त्याचाच हिशेब खरा ठरतो. कोणी, कोणते काम, किती वेळ केले याची नोंद हा वरवर पाहता कारकुनी विषय वाटतो. परंतु त्या नोंदीवर कोणाचा अधिकार, या प्रश्नाला एक सामाजिक इतिहास आहे.

आज हीच नोंद महाजालावरून चालणाऱ्या प्रकल्प व्यवस्थापन आणि कालनोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये होऊ लागली आहे. त्यांपैकी काही आज्ञावल्या मुक्त स्रोत स्वरूपाच्या आहेत. म्हणजे त्यांचा मूळ संकेत कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेली प्रत इतरांना देता येते. अशा आज्ञावल्यांचे ऐतिहासिक स्थान जाफराबादसारख्या ग्रामीण तालुक्याच्या अनुभवातून तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील हजेरीपटाच्या परंपरेचा आढावा घेणे.
२. मुक्त स्रोत प्रकल्प व्यवस्थापन आज्ञावल्यांच्या विकासाचे टप्पे पाहणे.
३. ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व आणि मर्यादा स्पष्ट करणे.

हजेरीपट आणि रोजगार हमी

जाफराबाद हा जालना जिल्ह्यातील आठ तालुक्यांपैकी एक तालुका होय. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला आणि जाफराबाद त्यात समाविष्ट झाला. कोरडवाहू शेतीच्या या पट्ट्यात १९७२ च्या दुष्काळाने दुष्काळी कामे, मुकादम आणि 'मस्टर' हे शब्द घरोघरी पोहोचविले. विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अधिनियम अमलात आला.

या योजनेत पाझर तलाव, नाला बांध, रस्ते अशा प्रत्येक कामाचा हजेरीपट ठेवला जाई. मजुराचे नाव, हजर दिवस, कामाचे मोजमाप आणि त्यानुसार मजुरी असा हा क्रम होता. आजच्या परिभाषेत बोलायचे तर प्रकल्प, कार्य, कालनोंद आणि देयक ही साखळी त्या जाड कागदावर पूर्णपणे उपस्थित होती. मात्र हजेरीपट कार्यालयाच्या ताब्यात राहत असे. अंगठा उमटविणाऱ्या मजुराला त्यावर काय लिहिले आहे हे समजण्याची खात्री नव्हती. बनावट नावे आणि वाढीव हजेरी यांविषयीच्या तक्रारी याच अंधारातून निर्माण झाल्या.

हा अंधार दूर करण्याची मागणी राजस्थानात प्रभावीपणे पुढे आली. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवायांतून हजेरीपट गावासमोर वाचण्यास प्रारंभ केला. ज्यांची नावे पटावर होती तेच लोक समोर बसलेले असल्यामुळे खोटी नोंद तेथल्या तेथे उघडी पडे. २००५ चा माहिती अधिकार कायदा आणि त्याच वर्षीचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा यांच्या मागे या चळवळीचा अनुभव होता. रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेद्वारे सामाजिक अंकेक्षण बंधनकारक केले. १ एप्रिल २००८ पासून हा कायदा देशातील उर्वरित ग्रामीण जिल्ह्यांनाही लागू झाला.

नोंद उघडी, नियम झाकलेला

या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'नरेगासॉफ्ट' ही जालाधारित प्रणाली विकसित केली. मजुराचे नाव, काम, हजेरी आणि दिलेली मजुरी यांची माहिती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येऊ लागली. पूर्वी कार्यालयाच्या कपाटात असलेला हजेरीपट महाजालावर आला. पुढे संगणकातून नावांसह छापून येणारे ई-मस्टर प्रचारात आले आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, इतर कामांवर भ्रमणध्वनीवरील उपयोजनातून छायाचित्रासह हजेरी नोंदविणे अनिवार्य झाले.

तथापि एका गोष्टीकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. कायद्यानुसार मजुरी पंधरा दिवसांच्या आत मिळावयास हवी होती. विलंब झाल्यास सोळाव्या दिवसापासून प्रतिदिन ०.०५ टक्के दराने भरपाई देय होती. ही भरपाई प्रणाली स्वतः मोजत असे. परंतु मोजताना ती निधी हस्तांतरण आदेश निघेपर्यंतचाच विलंब धरीत असे. त्यानंतर केंद्राकडून रक्कम मजुराच्या खात्यात जमा होईपर्यंत जे दिवस जात, ते या गणनेत येत नसत. संशोधकांनी संकेतस्थळावरील उघड माहितीची ताडणी करून हा दोष दाखवून दिला आणि 'स्वराज अभियान' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील विलंबाचीही जबाबदारी केंद्र शासनावर असल्याचे स्पष्ट केले.

या उदाहरणाचा अर्थ दुहेरी आहे. नोंद उघडी होती म्हणून दोष सापडला, हे खरे. परंतु मोजण्याचा नियम आज्ञावलीच्या आत झाकलेला होता, म्हणून तो बाहेरून अनुमानाने शोधावा लागला. नोंद पाहता येणे आणि नोंदीमागील नियम वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हजेरीपटाच्या इतिहासातील पुढचा प्रश्न येथेच उभा राहतो आणि मुक्त स्रोत आज्ञावलीचा संबंधही येथेच येतो.

मुक्त स्रोत आज्ञावल्यांचा विकास

प्रकल्पाचे नियोजन करण्याची आधुनिक तंत्रे विसाव्या शतकातील आहेत. अमेरिकन अभियंता हेन्री गँट यांचा कालपट १९१० च्या दशकात प्रसिद्धीस आला. १९५७-५८ च्या सुमारास रासायनिक उद्योगातून आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून कामांच्या परस्परावलंबी साखळीचे गणित विकसित झाले. १९८४ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट' बाजारात आल्यावर हे तंत्र वैयक्तिक संगणकावर उपलब्ध झाले. मात्र त्याचा मूळ संकेत बंद होता.

दुसरा प्रवाह रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पापासून सुरू होतो. १९८९ च्या सार्वजनिक परवान्याने आज्ञावली वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क कायद्याच्या भाषेत मांडला. 'मुक्त स्रोत' ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. हे दोन प्रवाह २००० नंतर महाजालावर एकत्र आले. 'डॉटप्रोजेक्ट' हा या क्षेत्रातील आरंभीचा प्रयत्न होता. २००६ मध्ये ज्याँ-फिलिप लांग यांनी 'रेडमाइन' प्रकाशित केले. त्यात कामांची यादी, कालपट आणि प्रत्येक कामावर खर्च झालेल्या तासांची नोंद एकाच ठिकाणी होती.

या आज्ञावल्यांच्या इतिहासात मतभेदातून नव्या शाखा निघाल्याचे वारंवार दिसते. डॉटप्रोजेक्टमधून 'वेबटूप्रोजेक्ट' निघाले. रेडमाइनमधून २०११ मध्ये 'चिलीप्रोजेक्ट' आणि त्यातून पुढे 'ओपनप्रोजेक्ट' निर्माण झाले. मूळ कर्त्यांशी मत जुळले नाही तरी वापरकर्त्यांचे काम आणि त्यांची माहिती अडकून पडली नाही. सालगड्याच्या हिशेबात नेमका हाच पर्याय नव्हता.

महाराष्ट्रातील उदाहरण

या क्षेत्रातील एक महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. मुंबईतील रुषभ मेहता यांना कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायासाठी व्यवस्थापन प्रणालीची गरज भासली आणि त्या अनुभवातून 'ईआरपीनेक्स्ट' ही आज्ञावली आकारास आली. २००८ मध्ये 'वेब नोट्स टेक्नॉलॉजीज' या नावाने सुरू झालेली ही संस्था पुढे 'फ्रॅपे' नावाने ओळखली जाऊ लागली. ईआरपीनेक्स्ट सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध आहे. त्यातील प्रकल्प विभागात प्रकल्प, त्याखालील कार्ये आणि प्रत्येक कार्याचे कालपत्रक अशी रचना आहे. कालपत्रकात कामाचा प्रकार निवडावा लागतो आणि त्या प्रकाराचा दर ठरविता येतो. तासांवरून खर्च आणि देयक निघते. हजेरीपटाची जुनी साखळी येथे पुन्हा भेटते. फरक असा की, तासांचे रुपये कसे झाले हे सांगणारा नियम कोणालाही उघडून वाचता येतो.

भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर करून शासकीय प्रणालींमध्ये अशा आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याची दिशा स्पष्ट केली.

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने

जाफराबादसारख्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या अध्यापकांना हा विषय परका नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाचे मानधन तासांच्या नोंदीवरच अवलंबून असते. संशोधन प्रकल्पांचे टप्पे, राष्ट्रीय सेवा योजनेचे उपक्रम, मूल्यांकनासाठी लागणारे अहवाल या साऱ्यांना कामाची आणि वेळेची नोंद लागते. ही नोंद बंद प्रणालीत ठेवली आणि पुरवठादाराशी करार संपला, तर वर्षानुवर्षांची माहिती योग्य स्वरूपात परत मिळेलच असे नाही. मुक्त स्रोत आज्ञावली महाविद्यालयाच्या स्वतःच्या संगणकावर बसविता येते आणि माहिती संस्थेच्या ताब्यात राहते.

याहून महत्त्वाचा मुद्दा 'कामाचा प्रकार' या रकान्याचा आहे. वर्गातील तास सहज मोजला जातो. परंतु त्यासाठीचे वाचन, उत्तरपत्रिका तपासणे, पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला अर्ज भरण्यास मदत करणे, हे काम कोणत्या रकान्यात बसते? जे यादीत नाही ते काम झालेच नाही, असे प्रणाली मानते. ही यादी आणि तिचे नियम कोण ठरवितो, यावर अध्यापकाच्या श्रमाची दखल अवलंबून आहे.

अर्थात मर्यादाही आहेत. परवाना शुल्क नसले तरी संगणक, वीज, देखभाल आणि जाणकार व्यक्ती यांचा खर्च चुकत नाही. मूळ संकेत उघडा असला तरी तो वाचू शकणारे मनुष्यबळ गावात नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. तसेच खोटी हजेरी मुक्त आज्ञावलीतही खोटीच राहते. जनसुनवाईत पट वाचला जाई तेव्हा ऐकणारा गाव समोर होता, हे विसरून चालणार नाही.

निष्कर्ष

श्रमाच्या नोंदीच्या इतिहासात तीन अवस्था स्पष्ट दिसतात. पहिल्या अवस्थेत नोंद आणि नियम दोन्ही एका पक्षाच्या हाती होते. सालगड्याचे खाडे आणि जुना हजेरीपट त्याची उदाहरणे होत. दुसऱ्या अवस्थेत माहितीच्या अधिकाराने नोंद उघडी केली, परंतु नियम आज्ञावलीत झाकलेला राहिला. तिसऱ्या अवस्थेत नियमही उघडा करणे मुक्त स्रोतामुळे शक्य झाले आहे. ती अवस्था प्रत्यक्षात येण्यासाठी महाविद्यालयांतील संगणकशास्त्र, वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रे या विभागांनी एकत्र येऊन एखादी लहान नोंदप्रणाली स्वतः चालवून पाहणे उपयुक्त ठरेल. विद्यार्थ्यांना त्यातून आज्ञावली वाचण्याचे शिक्षण मिळेल. ज्यांच्या आजोबांनी मस्टरवर अंगठा उमटविला, त्यांच्या नातवंडांनी मस्टरचा नियम वाचावा आणि गरज पडल्यास तो दुरुस्त करावा, याला या तालुक्याच्या इतिहासात निश्चितच अर्थ आहे.