गाळा

रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो, असं पूर्वी सगळेच म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पण मनीऑर्डर पाठवणारा माणूस मुंबईत पहिल्या रात्री कुठे झोपला आणि पहिलं ताट त्याला कुणी वाढलं, हे आमच्याकडच्या माणसांनी फारसं लिहून ठेवलेलं नाही. ते ठाऊक असलेली माणसं आता कमी होत चाललीत, म्हणून मी लिहितो आहे.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला उभारली. 1854 साली कंपनी निघाली आणि 1856 साली गिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तशी माणसंही लागत गेली. ती आमच्या कोकणातून गेली. कारण सरळ होतं. आमची जमीन डोंगरउताराची, पीक पावसावरचं एकच, भात नि नाचणी, आणि त्यातूनही खोताचा वाटा जायचा. चार भावांत वाटणी झाली की एकेकाच्या वाट्याला दोन-चार कुणगे. मग एक भाऊ शेतावर राही नि बाकीचे मुंबईची वाट धरत. 1921 च्या जनगणनेत मुंबईतल्या दर पाच माणसांत जवळजवळ एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा आमच्यातच होता, तो वेगळा झाला 1981 साली.

माझे वडील गेले ते स्वातंत्र्य मिळाल्याच्या पुढच्या वर्षी. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्या सुरू झाल्यावर रत्नागिरी बंदरातून पडावाने बोटीवर चढायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. वळकटी, तांदळाचं गाठोडं आणि एका कागदावर पत्ता. तो पत्ता गाळ्याचा.

गाळा म्हणजे गावकऱ्यांची खोली. एका गावच्या किंवा एका वाडीच्या माणसांनी वर्गणी काढून चाळीत घेतलेली. कुणाचा गाळा लालबागला, कुणाचा परळला, तर कुणाचा वरळीच्या किंवा डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत. बीडीडीची खोली एकशेसाठ चौरस फुटांची. तेवढ्यात वीस-पंचवीस माणसं राहत. हे ऐकून आजची मुलं हसतात. पण गिरण्या पाळ्यांत चालत. दिवसपाळीची माणसं उठून गेली की रातपाळीची त्याच जागी आडवी होत. बाकीचे जिन्यावर, व्हरांड्यात, फुटपाथवर. भिंतीला खुंट्या, माळ्यावर ट्रंका, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि वर गावच्या देवाची तसबीर.

मी दहावी होऊन 1978 साली गेलो, तेव्हाही हे सगळं तसंच होतं. गाळ्याचा एक कारभारी असे. त्याच्याकडे वही. भाडं, दिव्याचं बिल, झाडलोटीच्या पाळ्या, सगळं त्या वहीत. नव्या मुलाचं नाव शेवटच्या पानावर लिहीत आणि नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून वर्गणी घेत नसत. हा आमच्या गाळ्याचा नियम, कागदावर कुठे नव्हता, पण कुणी मोडला नाही. मी पोचलो त्या संध्याकाळी कारभाऱ्यांनी एवढंच विचारलं, "जेवलास काय? नसशील तर आधी जेवून ये. गावच्या गोष्टी मग."

जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे गावाकडचीच कुणी बाई, पुष्कळदा नवरा गेलेली किंवा त्याची नोकरी सुटलेली, एका खोलीत वीस-तीस माणसांचं रांधणारी. पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घालायची. वाण्याचं देणं तिच्या डोक्यावर, व्याज तिच्या डोक्यावर. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणगाव कुणी उभं केलं असं विचारलं तर लोक पुढाऱ्यांची नावं घेतात. मी या बायकांचं नाव घेईन.

गाळ्याच्या पाठीमागे ग्रामस्थ मंडळ असे. कामावर लावून देण्यासाठी जॉबरला सांगणं, आजाऱ्याला केईएममध्ये नेणं, कुणी गेला तर मयताचा खर्च करून घरी निरोप पाठवणं, ही मंडळाची कामं. गावात शाळेची इमारत, देवळाचा सभामंडप, विहिरीचं बांधकाम, यांतलं किती तरी मुंबईच्या वर्गणीतून झालं. आमच्या शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी अजून आहे. पाच-पाच रुपयांची नावं आहेत तिच्यावर.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाळा आपल्यांसाठी होता, आणि आपले कोण हे जातीने ठरे. मराठ्यांचा गाळा वेगळा, कुणब्यांचा वेगळा, महारांचा वेगळा. एकाच बोटीने आलेली, एकाच गावची माणसं धक्क्यावर उतरून तीन दिशांना जात. गिरणीतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे महारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे नि बाकीच्यांना विटाळ वाटे. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला होता. ज्यांना दुसऱ्यांनी दार उघडलं नाही, त्यांनी आपली मंडळं आपण उभी केली आणि ती नेकीने चालवली. गाळ्याचं कौतुक करताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी तेव्हा बदलीवर होतो. सहा-आठ महिने गाळ्याने तग धरला. वहीत वर्गणीची पानं कोरी राहू लागली, खानावळवालीने मंगळसूत्र गहाण ठेवलं. मग एकेक जण एसटी पकडून गावी परतला. मीही आलो आणि वडिलांच्या वरकस जमिनीत कलमं लावली.

ती कलमं मोठी झाली आणि गोष्ट उलटी फिरली. आज आमच्या पावस-गोळपच्या पट्ट्यातच काय, सगळ्या जिल्ह्यात हापूसच्या बागा नेपाळी माणसांवर चालतात. दिवाळीच्या सुमारास येतात, राखण करतात, फवारणीला पाणी ओढतात, झेल्याने आंबा काढतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आपण त्यांना सरसकट गुरखा म्हणतो. त्यांच्या गावातही बहुतेक डोंगरउताराचे दोन-चार कुणगे असतील. पण त्यांना इथे गाळा नाही. बागेतलं खोपट, तेही मालकाच्या मर्जीचं.

2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीत मुंबईचे चाकरमानी हजारोंनी कोकणात आले. आमच्या गावात ग्राम कृती दलाने शाळा उघडून त्यांची सोय केली, बचतगटाच्या बायकांनी जेवण केलं, मुंबई मंडळाने पैसे पाठवले. त्याच वेळी बागांतले नेपाळी अडकले होते. काम संपलेलं, सीमा बंद. धान्याची यादी करताना बैठकीत प्रश्न निघाला, आधी आपले की हे? बराच वाद झाला. शेवटी एक म्हातारी बोलली. तिने लालबागला वीस वर्षं खानावळ चालवली होती. म्हणाली, "माझ्याकडे जेवलेल्यांना मी गाव विचारलं नव्हतं. भूक विचारली होती." यादीत बागांतली अकरा घरं चढली. शेवटच्या पानावर.

एवढ्याने सगळं झालं असं नाही. त्यांची मुलं नोव्हेंबरात येतात, तेव्हा शाळेचं अर्धं वर्ष सरलेलं असतं. यंदा आमच्या मंडळाच्या सभेत मी दोन ठराव ठेवले आहेत. मुलं येतील त्या दिवशी त्यांना शाळेत बसवायचं, वह्या मंडळाने द्यायच्या. आणि देवळामागची बंद पडलेली खोली झाडून, दिवा-पाण्याची सोय करून नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी मोकळी ठेवायची, काम लागेपर्यंत बिनभाड्याने. पहिला मंजूर झाला. दुसऱ्यावर पुढच्या सभेत बोलायचं ठरलं आहे. खोलीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे, आणि भिंतीला मी आठ खुंट्या ठोकून घेतल्या आहेत.