ऊष्मारसायनशास्त्राचा विकास

रासायनिक विक्रिया घडताना उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते. या बदलांचे मापन व अभ्यास ज्या शाखेत केला जातो, तिला ऊष्मारसायनशास्त्र म्हणतात. विक्रियेच्या उष्णतेसंबंधीचा मूलभूत नियम १८४० मध्येच हाती आला. परंतु त्या उष्णतेवरून विक्रियेची दिशा ठरविता येते काय, या प्रश्नाचा उलगडा होण्यास पुढील सु. चाळीस वर्षे लागली.

लव्हॉयझर व लाप्लास यांनी १७८२–८३ मध्ये पॅरिस येथे बर्फाचा उष्णतामापक वापरला. वितळलेल्या बर्फाच्या वजनावरून उष्णता काढली जाई. उपकरणात गिनीपिग ठेवून त्याने दिलेली उष्णता व सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड यांची त्यांनी कोळशाच्या ज्वलनाशी तुलना केली आणि श्वसन हे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष काढला.

जिनीव्हात जन्मलेले व सेंट पीटर्झबर्ग येथे कार्य केलेले जी. एच. हेस (१८०२–५०) यांनी सल्फ्यूरिक अम्लात निरनिराळ्या प्रमाणांत पाणी मिसळून मग अमोनियाने त्याचे उदासिनीकरण केले. दोन्ही टप्प्यांतील उष्णतांची बेरीज प्रत्येक वेळी सारखीच आली. यावरून विक्रिया कोणत्याही मार्गाने झाली, तरी एकूण उष्णता तीच राहते, हा नियम त्यांनी १८४० मध्ये मांडला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्यावेळी प्रस्थापित झालेला नव्हता. प्रत्यक्ष मोजता न येणाऱ्या उष्णताही या नियमाने काढता येतात. उदा., कार्बनाचे फक्त कार्बन मोनॉक्साइडात रूपांतर करणे कठीण असते. तथापि एक मोल कार्बन पूर्ण जळताना ३९३·५ किलोजूल व एक मोल कार्बन मोनॉक्साइड जळताना २८३·० किलोजूल उष्णता मिळते. म्हणून पहिल्या टप्प्याची उष्णता ११०·५ किलोजूल येते.

कोपनहेगनचे यूलियस टॉमसन (१८२६–१९०९) व पॅरिसचे मार्सलँ बेर्तलो (१८२७–१९०७) यांनी असंख्य विक्रियांची मापने केली. बेर्तलो यांनी १८८१ मध्ये बाँब उष्णतामापक प्रचारात आणला. सर्वाधिक उष्णता देणारी विक्रियाच आपोआप घडते, असे दोघांचेही प्रतिपादन होते. परंतु नवसागर पाण्यात आपोआप विरघळतो व पाणी थंड होते. शिवाय व्युत्क्रमी विक्रिया दोन्ही दिशांनी घडतात आणि त्यांपैकी एका दिशेने उष्णता शोषली जाते. त्यामुळे हे तत्त्व टिकू शकले नाही.

गिब्ज (१८७६–७८), हेल्महोल्ट्स (१८८२) व व्हांट हॉफ (१८८४) यांच्या कार्यातून विक्रियेची दिशा केवळ उष्णतेवर नव्हे, तर मुक्त ऊर्जेतील घटीवर अवलंबून असते, हे स्पष्ट झाले. मुक्त ऊर्जेत उष्णतेबरोबर एंट्रॉपी व तापमान यांचाही वाटा असतो. तापमान निरपेक्ष शून्याकडे जाते तसतसा या दोन राशींतील फरक नाहीसा होतो, हे नेर्न्स्ट यांच्या १९०६ मधील सिद्धांतावरून कळले. जुने तत्त्व पुष्कळ ठिकाणी जवळजवळ बरोबर का ठरत होते, याचाही खुलासा त्यामुळे झाला. तत्त्व मागे पडले, तरी त्याच्या समर्थनार्थ केलेली मापने वाया गेली नाहीत. इंधने, स्फोटके व अन्नपदार्थ यांच्या अभ्यासास त्यांनी पाया पुरविला.