नकुशी : एका स्त्रीनामाचा अर्थ आणि इतिहास

व्यक्तिनाम हे समाजाच्या इच्छा-आकांक्षांचे साधन मानले जाते. मुलीचे नाव उच्चारण्यास सोपे, अर्थाने मंगल आणि आशीर्वादाचा भाव असलेले असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही सांगितले आहे. या पार्श्वभूमीवर पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा जिल्ह्यात, आढळणारे ‘नकुशी’ हे स्त्रीनाम लक्ष वेधून घेते. ‘नको’ या निषेधवाचक रूपाला ‘सा’ हा प्रत्यय लागून ‘नकोसा, नकोशी, नकोसे’ ही विशेषणे सिद्ध होतात. त्यातील ‘नकोशी’चेच बोलीत नकुशी, नकुशा, नकुसा असे उच्चार झाले आणि प्रौढ वयात त्याला ‘बाई’ जोडून ‘नकुसाबाई’ हे रूप रूढ झाले. एरवी अर्थ सौम्य करणारा हा प्रत्यय येथे मात्र काहीही सौम्य करीत नाही.

लोकसंस्कृतीच्या विवेचनात हे नाव पुष्कळदा धोंडू, दगडू, कचरू यांच्या पंक्तीत बसविले जाते. हे वर्गीकरण तपासून घेतले पाहिजे. आधीची अपत्ये दगावली असता नव्या बालकाला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याला क्षुद्र समजून सोडून द्यावे, या समजुतीने अशी नावे ठेवली जात. म्हणजे नाव हलके असले तरी मूल हवेच असे. या प्रकारची नावे समाजाच्या सर्व थरांत होती. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि ज्यांचे मूळ नाव दगडू होते ते लेखक दया पवार ही त्याची परिचित उदाहरणे होत. मुलींनाही हे संरक्षण नाकारलेले नव्हते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७-२०१४) यांचे नाव याच जातीचे आहे. तेव्हा मुलीला वाचवायचेच असते, तर त्यासाठी परंपरेत नावे उपलब्ध होती.

नकुशीचा हेतू याच्या नेमका उलट आहे. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगी झाली की तिचे नाव नकुशी ठेवावे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी ही समजूत. धोंडू हे नाव मृत्यूला फसविण्यासाठी असते. नकुशी हे दैवाला खरेच कळविण्यासाठी असते. पाळण्यात घालून बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. घरातील स्त्रीच्याच तोंडून हा निरोप मुलीच्या कानी पडावा, ही त्यातील मोठी विसंगती होय. त्याच खेड्यांत ‘हौसाबाई’ हेही नाव आढळते, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

ही प्रवृत्ती केवळ मराठी नाही. हरियाणातील ‘भतेरी’ म्हणजे पुरेशी, राजस्थानातील ‘धापू’ म्हणजे तृप्त झालेली, तमिळमधील ‘वेण्डाम’ म्हणजे नको. चीनमध्ये ‘झाओदी’ या नावाचा अर्थ धाकट्या भावाला बोलावणारी असा होतो.

२००९ मध्ये सुरू झालेल्या एका हिंदी दूरचित्रवाणी मालिकेच्या नायिकेचे नाव नकुशा होते. त्यामुळे हा शब्द महाराष्ट्राबाहेरही परिचित झाला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने २८५ मुलींचा नामांतर समारंभ झाला व त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. परंतु ते नाव सासरचे असे. येथे मुलींना स्वतःच्या पसंतीचे नाव घेता आले, हे या समारंभाचे वेगळेपण होय.

तथापि या नावाचा प्रसार ओसरणे हे मुलीच्या स्वागताचे लक्षण मानण्याची घाई करू नये. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ राहिल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, तरीही ही घसरण झाली. जो नकार पूर्वी बारशाच्या दिवशी उच्चारला जाई, तो सोनोग्राफीच्या काळात जन्मापूर्वीच अमलात येऊ लागला. नकुशी हे नाव मिळण्यासाठी मुलीला निदान जन्म तरी घ्यावा लागत असे.

साताऱ्याचा समारंभ मुलींसाठी होता. प्रौढ स्त्रीला नाव बदलावयाचे झाल्यास शासकीय राजपत्रात तशी जाहिरात द्यावी लागते, आणि त्या अर्जात जुने नाव पुन्हा एकदा पूर्ण लिहावे लागते.