इमामत सुटल्यावर घरखर्चाचं काय? पेश इमाम, मुअज्जिन आणि जमातींसाठी माहिती

राधानगरी तालुक्यातल्या बऱ्याच गावांत मुस्लिम घरं मोजकीच. त्या घरांच्या वर्गणीतून मशिदीचं वीजबिल, चटया, रंगरंगोटी आणि पेश इमामसाहेबांचा पगार निघतो. पगार कमी असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इमामत सुटली की पगाराबरोबर आणखी काय काय सुटतं, याचा हिशोब आम्ही जमातवाले सहसा करत नाही. मशिदीलगतची खोली सोडावी लागते. घरोघरच्या पाळीचं जेवण बंद होतं. मक्तबची फी, निकाहाची भेट, तरावीहचा नजराणा थांबतो. अन् दुकानदाराची उधारीसुद्धा, कारण ती उधारी माणसाला नव्हे, इमामसाहेबांना मिळत होती.

आमच्या वर्गातली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो. वडील हाफिज. अकरा वर्षं एका गावात इमामत केलेली, घशाच्या त्रासामुळे सोडलेली. चार महिने त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत तारण होत्या, तिच्याच नावावर मायक्रो फायनान्सचा आठवड्याचा हप्ता चालू होता. मदत का मागितली नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "सर, ज्यांना मी जकातीचे मसले समजावून सांगितले, त्यांच्याच दारात जाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर दीनमध्येच आहे. सूरह बकराच्या 273 व्या आयतीत अशाच लोकांचा उल्लेख येतो: अल्लाहच्या मार्गात अडकल्याने ज्यांना कमाईसाठी फिरता आलं नाही, आणि जे हात पसरत नाहीत म्हणून अनोळखी माणसाला खाऊनपिऊन सुखी वाटतात. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिसकीन यांच्यासोबत कर्जात बुडालेलाही आहे. हजरत अबू बक्र (रजि.) खलिफा झाल्यावरही कापडाचे गठ्ठे घेऊन बाजारात निघाले होते. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना थांबवलं आणि बैतुलमालमधून त्यांच्या घरखर्चाची सोय झाली. घरखर्चाची गोष्ट काढल्याने त्यांची शान कमी झाली नाही.

इथे एक मसला नीट लक्षात ठेवावा, कारण घोळ इथेच होतो. जकातीच्या पैशातून इमामाचा पगार देता येत नाही, तो मेहनतीचा मोबदला आहे. पण इमाम किंवा माजी इमाम स्वतः गरजू असेल तर गरजू म्हणून त्याला जकात देता येते. हनफी मतानुसार देणं वजा जाता 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी गरजेपलीकडची मालमत्ता ज्याच्याकडे नाही, तो हक्कदार ठरतो. सय्यद घराण्यातल्यांना मात्र जकात चालत नाही. त्यांच्यासाठी लिल्लाह रक्कम, नफिल सदका किंवा कर्जे हसना आहे. जकात रमजानमध्ये वाटून संपते आणि इमामत बहुधा रमजाननंतर सुटते, म्हणून जमातीने थोडी लिल्लाह रक्कम वर्षभरासाठी बाजूला ठेवलेली बरी.

पहिल्या आठवड्यात काय करावं?

आमचं स्पष्ट मत असं, की गाव सोडण्याआधी जमातीशी हिशोब लेखी करावा. किती महिन्यांचा पगार बाकी, आगाऊ उचल किती, खोली कधी रिकामी करायची, सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी. "अल्लाह के वास्ते छोड दो" म्हणून मिटवलेला हिशोब पुढे दोन्हीकडे मनात राहतो. दुसरा कागद म्हणजे जमातीच्या लेटरहेडवरचं पत्र: कधीपासून कधीपर्यंत काम केलं, कोणती जबाबदारी होती, वागणूक कशी. भांडून सोडलं असलं तरी हे पत्र मागावं, आणि ट्रस्टींनी ते अडवून ठेवू नये. खोलीसाठीही निदान दोन महिन्यांची मुदत द्यावी. भर पावसाळ्यात राधानगरीत भाड्याची खोली शोधत हिंडणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

कायद्याचं विचाराल, तर सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 1993 रोजी ऑल इंडिया इमाम ऑर्गनायझेशनच्या खटल्यात इमामांना मोबदला मिळाला पाहिजे असं म्हटलं आणि त्यासाठी योजना करायला सांगितलं. तो निकाल वक्फच्या मशिदींबाबत आहे. गावात मात्र पगार वर्गणीतूनच येतो आणि निवृत्तीनंतर काही नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा साधारणपणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लागतो. आमच्या मशिदींत इमाम आणि मुअज्जिन मिळून दोन. केरळमध्ये मदरसा शिक्षकांसाठी 2019 च्या कायद्याने कल्याण निधी आहे, त्यातून पेन्शन मिळते. तसं इथे का होऊ नये, हे समाजाच्या संघटनांनी विचारायला हवं.

कर्जाचा कागद

सगळी देणी एका वहीत लिहा, बायकोला समोर बसवून. निम्मी कर्जं तिच्या नावावर असतात आणि हप्तेवाली बाईही तिच्याच दारात येऊन बसते. आधी भाडं, दवाखाना, किराणा. मग हप्त्यांची कर्जं: शाखेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नातेवाइकांचं आणि दुकानाचं देणं शेवटी, पण त्यांना तोंड चुकवू नका. कर्जदार अडचणीत असेल तर मुदत द्यावी, हे सूरह बकराची 280 वी आयत सांगते. ते आयत माहीत असलेल्यांनी ऐकवावं.

विनापरवाना सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 प्रमाणे सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. मोबाईलवरच्या कर्ज-अ‍ॅपने फसवलं तर 1930 वर फोन करावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, त्याचा क्रमांक 15100. झोप लागत नाही, नको ते विचार येतात, असं असेल तर टेलिमानसच्या 14416 वर बोलावं. यात लाज कसली?

सरकारी योजनांत सगळं अडतं ते पत्त्यावर. बिहार-यूपीचं रेशनकार्ड असलेल्यांना त्याच कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळू शकतं, वन नेशन वन रेशन कार्डाखाली. संजय गांधी निराधार आणि 65 वर्षांवरील लोकांसाठी श्रावणबाळ योजनेतून महिना 1,500 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. वार्षिक उत्पन्न साधारण 21,000 च्या आत आणि महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. म्हणून जमातीचं तारखांसह पत्र वास्तव्य दाखवायलाही उपयोगी पडतं. शिवणकाम किंवा गवंडीकाम येत असेल तर पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ धंद्यासाठी कर्ज देतं, पण जामीनदार लागतो, तो जमातीतल्या कुणीतरी व्हावा. या कर्जांवर व्याज आहे, तेव्हा आपल्या मुफ्तीसाहेबांना आधी विचारून घ्यावं.

शिक्षणाचं आम्ही अनुभवाने सांगतो. आलिम-हाफिजच्या सनदेवर शाळेतली नोकरी मिळत नाही. 17 नंबरचा फॉर्म भरून किंवा एनआयओएसमधून दहावी-बारावी करता येते. हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ मान्यताप्राप्त मदरशांच्या सनदेवर काही अभ्यासक्रमांना प्रवेश देतं, आणि अलिगढ विद्यापीठात 2013 पासून मदरसा विद्यार्थ्यांसाठी ब्रिज कोर्स आहे. पण याला वर्षं लागतात आणि चूल आज पेटवायची असते. दोन्ही बरोबरच चालवावं लागतं.

आमचे हाफिजसाहेब आता सकाळी एका किराणा दुकानात हिशोब लिहितात, संध्याकाळी घशाला झेपेल इतकीच नाजिऱ्याची शिकवणी मोबाईलवरून घेतात. दोन पाटल्यांपैकी एक सुटली आहे. मुलगी शाळेत येते. त्यांनी दहावीचा फॉर्म भरलाय, आणि गणिताला आमच्याकडे येऊन बसतात, मुलीच्याच वहीत.